गुंगीचं औषध थांबलं, रुग्ण मात्र उठला नाही: मूक फिटचं एक प्रकरण

आधी एक खुलासा. हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. अशा रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचलं आहे. त्यातली वैद्यकीय गुंतागुंत मात्र अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या कुणालाही ओळखीची वाटेल.

रुग्णाचं वय ६१. जिन्यावरून पडले आणि डोकं उजव्या बाजूला आपटलं. तासाभरात बोलणं असंबद्ध झालं, रुग्णालयात पोचेपर्यंत शुद्ध हरपली. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला, आवरणाखाली, ताज्या रक्ताची जाड गुठळी दिसली. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली, गुठळी निघाली, मेंदूवरचा दाब उतरला. पुढचे दोन दिवस त्यांना व्हेंटिलेटरवर, मिडाझोलम आणि फेंटानिलच्या सलग ड्रिपखाली गाढ गुंगीत ठेवलं होतं. फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटाम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू होतं. मेंदूला गंभीर मार लागल्यावर पहिला आठवडा असं औषध देण्याची पद्धत आहे.

दुसऱ्या दिवशी ताप आला, छाती भरली. न्यूमोनिया धरून सेफेपिम हे अँटिबायोटिक सुरू झालं, २ ग्रॅम दर ८ तासांनी. त्याच सुमारास लघवी कमी झाली. रक्तातलं क्रिएटिनिन, जे मूत्रपिंडं मंदावली की वाढतं, ०.९ वरून १.७ आणि मग २.६ वर गेलं. सेफेपिमचा डोस मात्र होता तसाच राहिला. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता गुंगीची औषधं थांबवली. दुपारपर्यंत निदान डोळे उघडतील अशी अपेक्षा होती. संध्याकाळ झाली, रात्र झाली. चौथ्या दिवशी सकाळीही डोळे मिटलेलेच. नखावर दाब दिला की उजवा हात मागे घेत, डावा जेमतेम हलवत. पुन्हा सीटी केला. गुठळी परतलेली नव्हती, मेंदू मध्यरेषेवरून सरकलेला नव्हता. साखर, सोडियम, ऑक्सिजन, रक्तदाब, सगळं जागेवर. नोंदवहीत "रुग्ण शांत" असं तीन पाळ्यांमध्ये तीनदा लिहिलेलं होतं.

वाट पाहायला आमच्याकडे कारण होतं आणि ते चुकीचंही नव्हतं. यकृतात मिडाझोलमचं रूपांतर होऊन जे द्रव्य बनतं, त्यालाही गुंगी आणण्याची ताकद असते आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंडं मंदावली की ते साठतं. "औषध उतरायला वेळ लागेल" हे वाक्य राउंडला एकदा उच्चारलं गेलं आणि सगळ्यांनी ते धरून ठेवलं. पुरेसं पटणारं एक उत्तर हाती आलं की दुसरं शोधण्याची घाई कुणाला राहत नाही. शिवाय या उत्तराची एक सोय अशी की ते उद्यावर ढकलता येतं. उद्या उठतील, नाही उठले तर परवा.

तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही अशी आणखी एक बाजू होती. मिडाझोलम हे गुंगीचं औषध, तसंच फिट थांबवणारंही. दोन दिवस त्याच्या पांघरुणाखाली असलेला दुखावलेला मेंदू तिसऱ्या दिवशी सकाळी उघडा पडला. म्हणजे फिट सुरू होण्याची शक्यता ज्या वेळेपासून वाढली, त्याच वेळेपासून आम्ही औषध उतरण्याची वाट पाहत बसलो.

सिस्टरची नोंद

चौथ्या दिवशी रात्री ८.४० वाजता तोंडाची स्वच्छता करताना सिस्टरना ओठाचा डावा कोपरा फडफडताना दिसला. त्यांनी पापण्या वर करून पाहिल्या, तर दोन्ही बुबुळं डावीकडे खेचलेली. निवासी डॉक्टर पोचेपर्यंत सगळं थांबलं होतं. सिस्टरनी लिहून ठेवलं: "रा. ८.४०, डावा ओठ अंदाजे १ मिनिट, नजर डावीकडे." त्याखाली डॉक्टरांची नोंद आहे: "तपासणीच्या वेळी हालचाल नाही. लक्ष ठेवावे."

दुपारी भेटीच्या वेळेत मुलीनंही विचारलं होतं, "डॉक्टर, बाबांच्या पापण्या मधूनच थरथरतात. त्यांना काही सांगायचं असेल का?" आम्ही तिची समजूत घातली. आज ते आठवलं की बरं वाटत नाही.

नजर डावीकडे, या दोन शब्दांत बरंच काही होतं. मेंदूच्या उजव्या भागाला इजा होऊन तो नुसता निकामी झाला असता, तर नजर इजेच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे झुकली असती. ती उलट बाजूला खेचली जाते तेव्हा तो भाग बंद पडलेला नसतो, उलट चेतवलेला असतो. वैद्यकाचा विद्यार्थीही हे शिकतो. पण ते आठवायला आधी नोंद वाचावी लागते, आणि पाळी बदलताना सिस्टरची नोंद सिस्टरकडे गेली, डॉक्टरांची डॉक्टरकडे.

फिट म्हटलं की डोळ्यांपुढे झटके येतात. पण झटका ही स्नायूंची गोष्ट आहे, तर फिट ही मेंदूतल्या पेशींची. लाखो चेतापेशी एका ठेक्यात, एकमेकींना ओढत पेटत राहतात. तो ठेका हातपाय चालवणाऱ्या भागापर्यंत पोचला आणि तिथून स्नायूंपर्यंतचा रस्ता शाबूत असला, तरच बाहेर काही दिसतं. फिट मागच्या किंवा बाजूच्या भागात अडकून राहिली, मेंदू इतका दुखावलेला असला की ती पसरूच शकत नाही, किंवा स्नायू शिथिल करणारं औषध चालू असलं, तर बाहेर पापणीची थरथर उरते, कधी तेवढीही नाही. अशी अवस्था लांबली की तिला नॉन-कन्व्हल्सिव्ह स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात. नाव लांबलचक आहे, म्हणून इथे मूक फिट म्हणतो.

हे क्वचित घडतं असंही नाही. बाहेरून फिटची कोणतीही खूण न दिसणाऱ्या २३६ बेशुद्ध रुग्णांचा ईईजी, म्हणजे टाळूवर तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढला, तेव्हा ८ टक्के जणांमध्ये ही अवस्था सापडली. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे साधारण बारांमागे एक.

तीस मिनिटांचा अहवाल

पाचव्या दिवशी सकाळी ईईजी मागवला. तंत्रज्ञ आले, तीस मिनिटं रेकॉर्डिंग झालं. अहवालात तीन गोष्टी होत्या. एकंदर लहरी संथ. उजव्या बाजूला साधारण सेकंदाला एक या गतीनं ठरावीक अंतरानं येणारे टोकदार स्फोट, आणि मध्ये मध्ये सुटे स्पाइक, म्हणजे एकेकटी टोकदार लहर. शेवटची ओळ: "रेकॉर्डिंगदरम्यान फिट आढळली नाही."

ही शेवटची ओळ राउंडला "ईईजीत फिट नाही" अशी वाचली गेली. दोन वाक्यांतला फरक बोलताना कळतही नाही. पहिलं तीस मिनिटांबद्दल आहे, दुसरं रुग्णाबद्दल.

त्या फरकाचं माप उपलब्ध आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सलग ईईजी लावलेल्या ५७० रुग्णांपैकी १९ टक्क्यांमध्ये फिट सापडल्या. त्यातल्या ९२ टक्के रुग्णांच्या फिट पूर्णपणे मूक होत्या. पहिल्या तासात त्या उघड झाल्या फक्त ५६ टक्के जणांमध्ये. पहिल्या २४ तासांत ८८ टक्के जणांच्या फिट सापडल्या, पण गाढ बेशुद्धीतल्या रुग्णांपैकी २० टक्क्यांची पहिली फिट दिसायला २४ तासांहून जास्त लागले. तीस मिनिटांच्या कोऱ्या अहवालानं निर्धास्त होणं म्हणजे खिडकीतून एकदा डोकावून रस्त्यावरून कुणी जातच नाही असं ठरवणं.

आमच्या अहवालात तर कोरेपणाही नव्हता. एका बाजूला ठरावीक अंतरानं येणारे ते स्फोट हा मोठा इशारा असतो. यासाठी टू-हेल्प्स-टू-बी नावाची एक साधी गुणपद्धत वापरतात. एका बाजूचे ठराविक अंतरानं येणारे स्फोट, सुटे स्पाइक, स्फोटांची गती सेकंदाला २ पेक्षा जास्त, त्यांवर स्वार झालेल्या जलद लहरी, पूर्वी आलेली फिट, या प्रत्येकाला एक गुण. अगदी थोडा वेळ टिकणाऱ्या लयबद्ध स्फोटांना दोन. शून्य गुण असतील तर फिटचा धोका ५ टक्क्यांच्या आत, तासाभराचं रेकॉर्डिंग पुरतं. एक गुण असेल तर १२ तास, दोन किंवा जास्त असतील तर निदान २४ तास. आमच्या रुग्णाला दोन गुण मिळत होते, म्हणजे धोका साधारण २७ टक्के. ईईजी वाचणाऱ्या डॉक्टरांनी दुपारी स्वतः फोन करून हे सांगितलं. त्या फोनचं श्रेय त्यांचं, आमचं नाही.

तारा लावल्यानंतर

सलग ईईजी लावणं हे वाटतं तितकं नीटस काम नाही. दहा-वीस पद्धतीनं कपाळापासून मानेपर्यंत मापं घेऊन २१ जागा ठरवायच्या, त्वचा घासून घ्यायची, इलेक्ट्रोड चिकटवायचे. ताज्या शस्त्रक्रियेचे टाके उजव्या बाजूलाच होते, त्यामुळे तिथले दोन इलेक्ट्रोड सरकवावे लागले. मेंदूच्या लहरी टाळूवर येईपर्यंत मायक्रोव्होल्टमध्ये उरतात, व्होल्टचे दहा लाखांश भाग. शेजारी व्हेंटिलेटर, ड्रिपचे पंप, हवा भरणारी गादी, आणि सगळीकडे विजेची ५० हर्ट्झची गुणगुण. एवढ्या गोंगाटात कुजबुज ऐकायची.

दोन फसगती आधीच ओळखून ठेवाव्या लागल्या. पहिली अशी की कवटी उघडून बंद केलेल्या जागेवर लहरी मोठ्या आणि टोकदार दिसतात, कारण तिथे हाडाचा अडसर पूर्वीसारखा नसतो. नवख्या डोळ्याला तेही फिटसारखंच वाटतं. दुसरी फसगत पहिल्याच संध्याकाळी प्रत्यक्ष घडली. लांबलचक ईईजीचा सारांश दाखवणाऱ्या रंगीत ट्रेंडवर अचानक एकसारखा लयबद्ध पट्टा उमटला आणि सगळे धावले. आत जाऊन पाहिलं तर फिजिओथेरपिस्ट छातीवर थापट्या देत होते. म्हणूनच ईईजीसोबत व्हिडिओ लागतो. व्हिडिओ नसता तर त्या थापट्यांवर एखादं औषध खर्ची पडलं असतं.

पहिली खरी फिट दिसली ३ तास ५० मिनिटांनी. उजव्या बाजूला, कानामागच्या पट्ट्यात, आधी बारीक आणि जलद लहरी, जणू कुणी पेन्सिल थरथरवत ओढतंय. मग त्या मोठ्या झाल्या, गती उतरत गेली, शेजारच्या इलेक्ट्रोडमध्ये शिरल्या, पुढच्या भागापर्यंत आल्या, आणि साधारण दोन मिनिटांनी एकदम थांबल्या. मागे संथ, दमलेल्या लहरींचा पट्टा उरला. सुरुवात, वाढ, पसरणं, शेवट: अशी चाल असली की शंका फारशी उरत नाही. हाडाच्या फटीमुळे टोकदार दिसणारी लहर अशी चालत जात नाही. त्या दोन मिनिटांच्या व्हिडिओत रुग्ण निश्चल पडून आहे, आणि सिस्टर शेजारी उभ्या राहून तापमान लिहीत आहेत.

मध्यरात्रीपर्यंत अशा १६ फिट मोजल्या. सर्वांत वाईट तास रात्री १० ते ११ चा. त्यात ७ फिट, मिळून १४ मिनिटं. व्हिडिओत ओठाची फडफड दिसली ती या १६ पैकी फक्त दोन वेळा. सिस्टरच्या ८.४० च्या नोंदीत लिहिलं होतं नेमकं तेच, त्याच बाजूला. बाकीच्या चौदा वेळा, जगातला सर्वांत दक्ष माणूस पलंगाशेजारी बसला असता तरी त्याला काही दिसलं नसतं.

चौदा मिनिटं या आकड्याला अर्थ आहे. अमेरिकन क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी सोसायटीच्या २०२१ च्या परिभाषेनुसार सलग १० मिनिटं, किंवा कोणत्याही ६० मिनिटांत मिळून २० टक्के, म्हणजे १२ मिनिटं, ईईजीवर फिट असेल तर ती स्टेटसची, म्हणजे लांबलेल्या फिटची, अवस्था धरतात. ही रेषा नुसती कागदावरची नाही. गंभीर आजारी मुलांवरच्या २०१४ मधल्या एका अभ्यासात, एखाद्या तासात फिटचं ओझं १२ मिनिटांपलीकडे गेलेल्या मुलांमध्ये मेंदूचं काम ढासळण्याची शक्यता वाढलेली दिसली होती. आमचा रुग्ण ६१ वर्षांचा, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. तरी रात्री ११ वाजता कुणाला वाद घालावासा वाटला नाही.

औषधं, आणि त्यांच्या अडचणी

लोराझेपॅम ४ मिलिग्रॅम शिरेतून दिलं. फिट थांबल्या. पन्नास मिनिटांनी पुन्हा सुरू झाल्या. हे अनपेक्षित नव्हतं. लोराझेपॅमच्या गटातली औषधं मेंदूतल्या गाबा या शांतवणाऱ्या रसायनाच्या ग्राहकांना, म्हणजे पेशीवर ते रसायन पकडणाऱ्या जागांना, धरून काम करतात. फिट लांबत गेली की हे ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात, आणि उलट चेतवणारे ग्राहक पृष्ठभागावर वाढतात. कुलूपच जागेवरून हललेलं असतं, मग किल्ली कितीही फिरवा. म्हणून मूक फिट लवकर सापडण्याला महत्त्व आहे. उशिरा सापडलेली फिट त्याच औषधाला तितकी दाद देत नाही.

लेव्हेटिरासिटामचा भरपूर डोस, वजनाला ६० मिलिग्रॅम प्रति किलो या हिशेबानं, एकदम दिला. इथे एक गोष्ट नेहमी घोळ घालते. मूत्रपिंडं मंद असली की रोजचा डोस कमी करायचा असतो, सुरुवातीचा मोठा डोस नव्हे. पहिला डोस शरीर भरण्यासाठी असतो, पुढचे जेवढं बाहेर पडलं तेवढं भरून काढण्यासाठी. भीतीपोटी पहिलाच डोस अर्धा केला तर रक्तात पुरेसं औषध कधी जमतच नाही.

याच वेळी ईईजी वाचणाऱ्या डॉक्टरांनी औषधांचा तक्ता मागितला आणि बोट ठेवलं सेफेपिमवर. हे अँटिबायोटिक गाबाच्याच कामात अडथळा आणतं आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड मंद आणि डोस पूर्ण, असं असलं की ते मेंदूत साठतं, आणि गोंधळ, झटके, मूक फिट घडवू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१२ सालीच याबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. त्या रात्री सेफेपिम थांबलं. त्याच्या जागी मेरोपेनेम आलं, डोस मूत्रपिंडाच्या हिशेबानं.

आणि मेरोपेनेम आलं म्हणून व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध बाद झालं. या गटातली अँटिबायोटिकं व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी झपाट्यानं खाली आणतात. दोन्ही एकत्र दिली की कागदावर उपचार चालू असतो आणि रक्तात जवळजवळ नसतो. म्हणून दुसरं औषध लॅकोसमाइड निवडलं, ४०० मिलिग्रॅम शिरेतून, आधी ईसीजी पाहून, कारण ते हृदयातला विजेचा प्रवाह थोडा मंदावतं. मूक फिटसाठी लॅकोसमाइड आणि फॉस्फेनिटोइन यांची तुलना २०१८ साली प्रसिद्ध झाली आहे, आणि लॅकोसमाइड त्यात मागे पडलं नाही.

पहाटे ४.१५ ला शेवटची फिट नोंदली गेली. त्यानंतर नाही.

किती पुढे जायचं

खरी वादावादी सहाव्या दिवशी सकाळी झाली. फिट थांबल्या होत्या, पण उजव्या बाजूचे ते ठरावीक स्फोट चालूच होते, आता सेकंदाला दीड या गतीनं. रुग्ण अजून उठलेला नव्हता. हे स्फोट म्हणजे फिटच की फिटनंतरची धग?

साल्झबर्ग निकष म्हणून ओळखली जाणारी एक चौकट इथे वापरतात. स्फोट सेकंदाला अडीचपेक्षा जास्त असतील तर ती फिट धरायची. त्याहून कमी असतील तर आणखी काही हवं: लहरींची ठरावीक चाल, बाहेर दिसणारी बारीकशी खूण, किंवा शिरेतून फिटचं औषध दिल्यावर ईईजी आणि रुग्ण दोघांतही सुधारणा. "दोघांतही" हा शब्द सोडून चालत नाही. लोराझेपॅमनं ईईजी स्वच्छ होतो तो कितीतरी वेळा केवळ गुंगीमुळे. यकृत किंवा मूत्रपिंडाच्या विकारात दिसणाऱ्या तीन टप्प्यांच्या लहरीही त्यानं विरतात, रुग्ण मात्र होता तिथेच राहतो. कागद सुधारला म्हणून रुग्ण सुधारला असं होत नाही.

दीड हा आकडा मधल्या पट्ट्यातला. टीममधल्या एका डॉक्टरांचं मत होतं की पुन्हा मिडाझोलमचं सलग ड्रिप लावून मेंदू २४ तास पूर्ण शांत करावा, आता अर्धवट सोडू नये. त्यांच्या बाजूनं मुद्दा भक्कम होता: मेंदूच्या इजेत मूक फिट चालू असताना कवटीतला दाब आणि पेशींवरचा चयापचयाचा ताण वाढलेला मोजला गेला आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं की गुंगीच्या ड्रिपला स्वतःची किंमत आहे. रक्तदाब पडतो, व्हेंटिलेटरचे दिवस वाढतात, जंतुसंसर्ग वाढतो. या रुग्णाला न्यूमोनिया होताच.

संशोधन इथे निकाल देत नाही, फक्त सावध करतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या सर्टा चाचणीत, अलीकडे फिट न आलेल्या पण शुद्ध हरपलेल्या ३६४ रुग्णांपैकी काहींना सलग ईईजी लावला, काहींचा दोनदा वीस-वीस मिनिटांचा काढला. सलग ईईजीत फिट सापडल्या १५.७ टक्क्यांमध्ये, छोट्या ईईजीत ४.४ टक्क्यांमध्ये. पण सहा महिन्यांनी मृत्यूचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, ४९ टक्क्यांच्या आसपास. हृदय बंद पडून वाचलेल्या रुग्णांवरच्या २०२२ च्या टेलस्टार चाचणीत असे लयबद्ध नमुने औषधांनी जोरात दाबूनही तीन महिन्यांनंतरचं चित्र बदललं नाही. दोन्ही आमच्या रुग्णासारख्यांवरच्या नाहीत. पहिलीतून मी एवढंच घेतो की शोधणं आणि वाचवणं या दोन पायऱ्या आहेत. दुसरीतून, की कागदावरची प्रत्येक टोकदार रेघ पुसण्याच्या मागे लागू नये.

ठरलं ते असं: गुंगीचं ड्रिप नाही, दोन्ही औषधं पूर्ण डोसात, ईईजी चालू, आणि दर दोन तासांनी सिस्टरनी हाक मारून, चिमटा घेऊन लेखी नोंद. स्फोटांची गती अडीचकडे सरकली किंवा एकही नवी फिट दिसली तर लगेच ड्रिप. माझं मत या बाजूला होतं. ते बरोबर ठरलं म्हणून मी ते हुशारीचं म्हणणार नाही. तोच निर्णय दुसऱ्या रुग्णात चुकू शकतो.

त्या दिवशी मुलीला आणि तिच्या आईला बसवून सगळं सांगितलं. पापण्यांबद्दल तिनं विचारलं होतं ते बरोबर होतं, हेही सांगितलं. तिनं एकच विचारलं: "मग या दोन दिवसांत त्यांना त्रास होत होता का?" अशा अवस्थेत वेदना जाणवण्याइतकी शुद्ध सहसा नसते, हे उत्तर दिलं. आईनं मान हलवली. मुलगी काही बोलली नाही.

सातव्या दिवशी दुपारी हाकेला डोळे उघडले. आठव्या दिवशी उजव्या हाताची दोन बोटं दाखवली, सांगितल्यावर. स्फोट तोवर विरळ झाले होते आणि सलग ईईजीच्या तारा उतरवल्या होत्या. कपाळावर एका इलेक्ट्रोडखाली त्वचा सोलवटली होती. सलग लावलेल्या तारांची ही नेहमीची किंमत. रोज जागा तपासली असती तर टळली असती. दहाव्या दिवशी श्वासनळीतली नळी निघाली. पहिले शब्द घोगरे आणि तक्रारीचे होते: केसांत काय चिकटलंय.

तीन संशयित

रुग्ण उठला कशामुळे? इथे प्रामाणिक राहिलं तर कथा जरा फिकी होते.

सहाव्या आणि सातव्या दिवशी तीन गोष्टी एकदम घडल्या. फिट थांबून दीड दिवस झाला. सेफेपिम बंद होऊन तेवढाच वेळ झाला, आणि त्याची बाधा साधारण दोन-तीन दिवसांत उतरते. क्रिएटिनिन २.६ वरून १.४ वर आलं, म्हणजे साठलेलं मिडाझोलमही बाहेर पडलं असणार. चौथ्या दिवशी राउंडला "औषध उतरायला वेळ लागेल" म्हणणारे सहकारी अजूनही म्हणू शकतात की आपण बरोबर होतो, आणि मी त्यांना पूर्णपणे खोडून काढू शकत नाही.

मला वाटतं ते असं. सेफेपिम एकट्यानं दोषी असतं तर ईईजीत बहुधा दोन्ही बाजूंना सारखे, तीन टप्प्यांचे स्फोट दिसले असते. इथे सगळं उजवीकडे, जखमेच्या आसपास होतं. म्हणजे ठिणगी जखमेची. पण त्या ठिणगीला वारा घालण्याचं काम सेफेपिमनं केलं असावं, कारण जखम पहिल्या दिवसापासून होती आणि ओठ फडफडला चौथ्या रात्री. मिडाझोलमनं दोन्ही कामं केली: आधी फिट दाबून ठेवली, मग रुग्ण न उठण्याचं कारण म्हणून स्वतःच पुढे उभं राहिलं. तिघांपैकी कुणाचा किती वाटा हे कळायला औषधांच्या रक्तातल्या पातळ्या वेळीच मोजायला हव्या होत्या. त्या मोजल्या गेल्या नाहीत.

वेळापत्रक मात्र स्वच्छ दिसतं. गुंगी थांबली तिसऱ्या दिवशी सकाळी. ओठ फडफडला चौथ्या रात्री. पहिला छोटा ईईजी पाचव्या सकाळी, सलग ईईजी पाचव्या दुपारी, पहिली फिट पडद्यावर संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, सगळ्या तपासण्या ठीक येऊनही डोळे उघडत नाहीत असं दिसलं तेव्हाच तारा लावल्या असत्या, तर सुमारे ४८ तास वाचले असते. कदाचित तेव्हा फिट सुरूही झाल्या नसत्या आणि रेकॉर्डिंग कोरं आलं असतं. तरी ओठ फडफडला त्या क्षणी पडदा चालू असता.

आता त्या विभागात दोन गोष्टी बदलल्या आहेत. गुंगी थांबवल्यावर १२ तासांत रुग्ण अपेक्षेप्रमाणे जागा झाला नाही तर ईईजीची मागणी आपोआप जाते, कुणी आठवण ठेवायची गरज नाही. आणि ईईजीच्या अहवालात शेवटची ओळ आता अशी छापली जाते: "या रेकॉर्डिंगच्या ३० मिनिटांत फिट आढळली नाही; पुढे किती तास पाहावे:" आणि पुढे मोकळी जागा, जी भरल्याशिवाय अहवाल बंद होत नाही.

तीन महिन्यांनी ते चालत आले. डाव्या हातात थोडा अशक्तपणा आहे, डावीकडच्या वस्तूंकडे लक्ष उशिरा जातं, वाचताना ओळीची सुरुवात निसटते. लॅकोसमाइड बंद केलं आहे, लेव्हेटिरासिटाम चालू आहे. त्या दिवशी काढलेल्या तासाभराच्या ईईजीत उजव्या बाजूला अजून थोडी संथता होती, आणि दोन सुटे स्पाइक. ती गोळी कधी थांबेल असं त्यांनी विचारलं. सहा महिन्यांनी पुन्हा ईईजी काढू, मग बोलू, असं ठरलं.